पाळण्याची दोरी

रामाचा जन्म थोडा पुढे ढकलता येईल का, हे विचारायला देवदत्तदादा आला तेव्हा उमावहिनी पडवीत सुंठ कुटत बसली होती. दुसऱ्या दिवशी नवमी. जन्माचं कीर्तन दरवर्षी वहिनीचं, आणि पेटीवर मी. मी योगिनी, तिची नणंद. वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्याबरोबर चिपळ्या आल्या होत्या, आणि माझा भाऊ आप्पा मला म्हणाला होता, "तुझी पेटी आता माळ्यावरून काढ."

"ढकलायचा म्हणजे?" वहिनीने बत्ता थांबवला नाही.

"तसं नव्हे गो. आख्यान जरा लांबवायचं. साहेब लांज्याचा कार्यक्रम आटोपून निघतील, साडेबारापर्यंत पोचतो म्हणालेत. तोवर एखादं पद जास्त घे. लोकांना काय कळतंय?"

"लोकांना नाही कळलं तरी सूर्य डोक्यावर यायचा राहतो का, भावजी?"

"सूर्य काय कुठे पळून जात नाही."

"तो नाही जात. आपणच जातो."

साहेब म्हणजे आमचे आमदार, श्रीधर नाटेकर. देवदत्तदादा आमचा चुलतभाऊ, भाट्याच्या खाडीपलीकडे आमची जी खालची वाडी आहे तिथल्या राममंदिराचा मुख्य विश्वस्त. दादाची कलमांची बाग मोठी, मन त्याहून मोठं. उत्सवात पंगतीला कधी काही कमी पडू दिलं नाही. पण देवळापुढे पक्का सभामंडप झालेला बघायचा हे त्याच्या मनाने घेतलं होतं, आणि मंडप आमदारांच्या पत्राशिवाय होत नव्हता.

"आणखी एक," तो म्हणाला. "पहिली दोरी साहेबांच्या हातात द्यायची. मी शब्द दिलाय."

आता इथे आमच्या देवळाची रीत सांगायला हवी. जन्म झाला, गुलाल उधळला की पाळण्याची पहिली दोरी आमच्याकडे पुजारी ओढत नाही, मानकरी नाही, कीर्तनकारही नाही. त्या वर्षात ज्या आईचं मूल गेलं असेल ती ओढते. आधी पाळण्यात वाकून आपल्या लेकराचं नाव रामाला सांगते, आणि मग पहिला झोका देते. कुठल्याशा साथीच्या वर्षी घरोघरचे पाळणे रिकामे झाले होते, तेव्हापासून हे चालत आलंय म्हणतात. ज्या वर्षी अशी आई नसते त्या वर्षी वहिनी दोरी धरते, आणि ते वर्ष चांगलं गेलं म्हणून बायका तिची ओटी भरतात.

"शब्द दिलात कसा?" वहिनीने विचारलं.

"यंदा आपल्याकडे कुणाचं गेलं नाही ना. दोरी मोकळीच आहे."

खलबत्त्याचा आवाज थांबला.

"राही?"

"कोण राही?"

दादाने हे खरोखर विचारलं. तोंडावर कसलाही आव नव्हता. त्याला आठवायला तेवढा वेळ लागला, आणि तो वेळ मी अजून विसरलेले नाही. "हां, ती होय," तो म्हणाला. "अगं, पण ती वरच्या वाडीतली."

"वरची वाडी आपल्याकडे नाही तर काय गुहागरात आहे?" वहिनी म्हणाली.

वरची वाडी आणि खालची वाडी यांच्यामध्ये एक पऱ्या आहे. पावसाळ्यात वाहतो, चैत्रात कोरडा. त्याच्यावर आमदार निधीतून साकव, म्हणजे छोटा पूल, बांधला होता, वरच्या वाडीतल्या मुलांना शाळेत यायला. उद्घाटनाची कोनशिला साकवापेक्षा मोठी. दुसऱ्याच श्रावणात तो साकव पडला. पूर नव्हता. चार दिवस ऊन पडलं होतं, पऱ्याला घोटाभर पाणी होतं. रावजी घवाळीची राही, तिसरीतली, दप्तर घेऊन मध्यावर पोचली आणि खालच्या कातळावर स्लॅबसकट आली.

पंचनामा व्हायच्या आत साकवाचे तुकडे जेसीबी लावून उचलले. कुणी उचलले हे सगळ्या वाडीने पाहिलं. ज्याने साकव बांधला त्यानेच, आणि तो आमदारांचा सख्खा मेहुणा.

आप्पा शाळेचा निवृत्त हेडमास्तर. त्याने रत्नागिरीच्या एका सभेत उभं राहून एवढंच विचारलं, की तुकडे कुठे नेले आणि आमदार चौकशीला सामोरे का जात नाहीत. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि ते जिल्हाभर गेलं. त्यावर विधानसभेत नाटेकरांनी भाषण केलं. सदस्याच्या वागणुकीची चौकशी करायची तर ती सभागृहाने करावी, बाहेरच्या कुणी मास्तराने नव्हे. हा माझा नाही, या सभागृहाचा अपमान आहे. ते भाषण आम्ही घरात बसून टीव्हीवर पाहिलं. बाकं वाजली. या बाजूची वाजली, त्या बाजूचीही वाजली. एरवी एकमेकांच्या अंगावर कागद फेकणारी ही माणसं त्या दिवशी एका तालात बाकं बडवत होती. इतका चांगला ठेका आमच्या तबलजीलाही कधी जमला नाही. सभागृहाने त्यांची चौकशी मात्र केली नाही. आप्पाला हक्कभंगाची नोटीस आली. समितीसमोर हजर व्हा, खुलासा करा.

"त्याचंच सांगायला आलोय मुख्य," देवदत्तदादा आता आत, आप्पाच्या खोलीच्या दाराकडे बघत म्हणाला. "आप्पा, ऐकतोस ना? साहेब नोटिशीचं बघायला तयार आहेत. उद्या दोरी त्यांच्या हातात, वहिनीने कीर्तनाच्या गादीवरून दोन चांगले शब्द बोलायचे, फोटो येतील, विषय मिटला. तुझी बायपास झालेली. कशाला त्या मुंबईच्या खेपा नि ते कठड्यात उभं राहणं?"

आप्पा बाहेर आला, झोपाळ्यावर बसला. दादा गेल्यावर वहिनीने विचारलं, "अहो, काय करू?"

"गादी तुझी आहे."

"तरी सांगा."

"मला विचारू नकोस, उमा," तो म्हणाला. "विचारलंस तर मी घाबरट निघेन."

आप्पाच्या तोंडून असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. शाळेत पोरं ज्याच्या पायांच्या आवाजावर सरळ बसायची, तो माणूस झोपाळ्याची कडी धरून बसला होता. मला त्या नाटेकरांचा तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. पोर मारलीत ती मारलीत. वर एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात घाबरट म्हणवून घ्यायला लावलंत.

वहिनीने सुंठ डब्यात भरली, हात धुतले, करंडा घेतला, एक नारळ घेतला. "चल," मला म्हणाली.

पऱ्यावर आता पोफळीची दोन खोडं टाकली आहेत. साकवाचा एक खांब तेवढा राहिलाय, त्यातून बाहेर आलेल्या सळ्या माझ्या करंगळीएवढ्या जाड. उतरताना वहिनीने माझा हात धरला तो वर जाईपर्यंत सोडला नाही.

राहीची आई नम्रता अंगणात बोंडवांतून काजूबिया पिळून काढत होती. हात चिकाने काळे झालेले. रावजी राही गेल्यापासून मुंबईची नोकरी सोडून घरीच होता, तो आम्हाला बघून आत गेला. वहिनीने रीतीप्रमाणे नारळ पुढे ठेवला आणि उद्याच्या दोरीचं बोलावणं केलं.

नम्रताने मान वर केली नाही. "मी झोका देऊ तुमच्या देवाला? त्यानं माझ्या पोरीला हात दिला काय?"

"नाही दिला," वहिनी म्हणाली.

"मग?"

"तेही सांग त्याला. नाव सांगायचं ती जागा आहे. मागचंपुढचं जे सांगायचं ते सांग. मी त्याची चाकर आहे नम्रता, पण मी तुला गप्प बसवायला नाही आले."

नम्रताने आणखी एक बी पिळून काढली. मग वहिनीने आमदारांचंही सांगितलं. लपवलं नाही. दोरी त्यांना हवी आहे, आणि दिली तर आप्पाची नोटीस मागे जाईल, सगळं.

"मग द्या की त्यांना," नम्रता म्हणाली. "तुमच्या मास्तरांचा जीव तरी वाचंल. आमच्या पोरीसाठी बोलले तेवढे तेच. बाकी कोण नाय बोललं. आमदार आले हुते तवा गाडीतनं उतरले, फोटू काढला, गेले. पोरगी हुती का पोरगा, तेपण नाय विचारलं."

"ते मी बघते," वहिनी म्हणाली. "तू येणार का, एवढं सांग."

नम्रताने नारळाकडे पाहिलं. चिकाचे हात पदराला पुसले आणि तो उचलला.

परत येताना मी विचारलं, "वहिनी, ठरलं का तुझं?"

"माझं काय ठरायचंय त्यात? दोरी माझी असती तर मी दिली असती गं. आप्पांसाठी मी त्या माणसाची आरतीसुद्धा केली असती. पण दुसऱ्याची वस्तू कशी द्यायची?" आणि थोडं चालल्यावर ती पऱ्याच्या काठाला थांबून रडली. मला म्हणाली, "घरी सांगू नको."

नवमीला देऊळ भरलं होतं. उकाडा मरणाचा, बायका पदराने वारा घेत होत्या. वहिनी गादीवर उभी राहिली, नमन झालं, आणि मी पेटीवर बसल्यावर नेहमी होतं तसंच झालं. बाहेरचं सगळं दूर गेलं. पूर्वरंग तिने फार शांत घेतला. त्या दिवशी कीर्तनात ती आमदारांबद्दल एक अक्षर बोलली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे नोटिशीत वेगळं लिहिलं गेलं. आमच्याकडे राजासुद्धा कीर्तनाला आला तर गादीसमोर जमिनीवर बसतो, एवढं ती म्हणाली, आणि ते ती दरवर्षी म्हणते.

हार घातला, बुक्का लावला, उत्तररंग सुरू झाला. नम्रता खांबाला टेकून बसली होती, रावजी बाहेर पायरीवर. आप्पा पहिल्या रांगेत. बारा वाजत आले तसा देवदत्तदादा खांबाआडून हाताने ताण, ताण, अशी खूण करायला लागला, पतंगाला ढील देतात तशी. वहिनीने एकदा बघितलं, आणि मग ज्या बाजूला तो उभा होता त्या बाजूला बघितलंच नाही. मला हळूच म्हणाली, "पुढे."

ऊन बरोबर डोक्यावर आलं तेव्हा राम जन्मला. घंटा, शंख, गुलाल, फुलं. वहिनीचा आवाज त्या गजरातही वेगळा ऐकू येत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते दरवर्षी येतं. किती झालं तरी मूल जन्माला येतंय हो. एवढ्या सगळ्या घाणीत ते दरवर्षी येतं, याचं मला कोण सुख वाटतं ते सांगता येत नाही.

पाळणा पुढे आणला. वहिनीने नाव घेऊन हाक मारली, "नम्रता, ये." ती उठली, लोकांनी वाट दिली. तिने दोरी हातात घेतली आणि ती वाकणार इतक्यात बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले.

साहेब वेळेच्या आधी आले होते. दादाने फोन केला असणार. पांढरा झब्बा, मागे चार कॅमेरे, कडेला स्वीय सहायक. पायरीवर वहाणा काढल्या, देवाला नमस्कार केला, अगदी सराईत. हसून म्हणाले, "जन्म झाला वाटतं? आम्हाला सोडूनच?"

दोनचार जण हसले. हसायची सवयच लागलेली असते.

देवदत्तदादा पुढे झाला. "नम्रता, जरा बाजूला हो. साहेबांना दे."

तिने दोरी सोडली नाही.

"असू दे, असू दे," साहेब म्हणाले. "ताई, आपण दोघं धरू." आणि त्यांनी तिच्या मुठीच्या वर आपला हात ठेवला. कॅमेरे लखलखले.

"धरा," नम्रता म्हणाली. "पर आधी नाव घ्यायला लागतं."

"घेऊ की. बोला, प्रभू रामचंद्र की..."

"देवाचं नाय. पोराचं. यंदा जे गेलं त्याचं."

पाळण्यापाशी वहिनीसाठी माईक उभा केलेला होता, त्यामुळे हे सगळं कर्ण्यावरून दोन्ही वाड्यांत जात होतं. साहेबांनी दादाकडे पाहिलं. दादाने जमिनीकडे. सहायक कानाशी लागला, पण त्यालाही माहीत नसावं, कारण साहेब सरळ झाले आणि भाषणाचा आवाज काढून म्हणाले, "या भागातल्या सर्व दिवंगत बालकांना मी..."

"सर्व नायत. एकच हाय," नम्रता म्हणाली. "तिचं नाव सांगा. मी दोरी सोडतंय."

मी भाता हलवत राहिले. मला थांबता येईना. एकच सूर चालू होता, आणि त्या सुरावर माणूस उभा होता. विधानसभेत त्याने या मुलीवरून भाषण केलं होतं. या मुलीवरून एका हेडमास्तराला समितीपुढे खेचलं होतं. साकव, निधी, सभागृहाचा मान, सदस्याचे हक्क, सगळं त्याला पाठ होतं. तिचं नाव येत नव्हतं. सगळं देऊळ त्याच्या तोंडाकडे बघत होतं, आणि मी रामासमोर बसून सांगते, त्याला लाज नव्हती वाटत. त्याला फक्त उशीर होत होता.

त्याने मान वळवली आणि हलक्या आवाजात सहायकाला म्हणाला, "हे ठरवून केलेलं आहे. ह्या बाईचं नाव लिहून घे."

माईकला हलकं मोठं कळत नाही. ते कर्ण्यावरून वरच्या वाडीपर्यंत गेलं.

"लिवा," नम्रता म्हणाली. "नम्रता रावजी घवाळी. पोरगी माझी राही." आणि तिने वाकून पाळण्यात तोंड घातलं. आत ती काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होती. मग तिने दोरी ओढली, अशी जोरात की साहेबांचा हात हिसडा बसून सुटला, आणि पाळणा पार खांबापर्यंत गेला.

वहिनीने पाळणा म्हणायला सुरुवात केली. तिचा आवाज पहिल्या ओळीला फाटला, दुसऱ्या ओळीला लागला. बायका मागे म्हणू लागल्या. साहेब कधी गेले ते मी पाहिलं नाही. देवदत्तदादा सुंठवड्याची पुडी घेऊन गाडीमागे धावला, एवढं लोक सांगतात. गाडी थांबली नाही. तो तसाच पुडी हातात घेऊन उन्हात उभा राहिला.

मंडपाचं पत्र आमदारांनी अडवलं. विश्वस्तांनी ठराव केला, की पुढच्या वर्षी जन्माच्या कीर्तनाला बाहेरून कुणाला तरी बोलवावं. आणि पंधरवड्याच्या आत दुसरी नोटीस आली. देवाच्या गादीचा वापर करून लोकप्रतिनिधीचा जाहीर अपमान करण्याचा पूर्वनियोजित कट. त्यात उमावहिनीचं नाव होतं, माझंही होतं, पेटीवादक म्हणून. मी एक सूर धरून ठेवला तोही बहुतेक सभागृहाला लागला असावा. नम्रताचं नाव नव्हतं. सहायकाने लिहून घेतलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. पण ते नोटिशीत घातलं असतं तर ती कोण, कुणाची आई, हेही लिहावं लागलं असतं, आणि मग राही सभागृहाच्या कामकाजात आली असती. तेवढी काळजी त्यांनी घेतली.

सुनावणीसाठी निघालो त्या दिवशी आप्पाने स्वतः पिशवी भरली. औषधाचा डबा दोनदा तपासला. रत्नागिरी स्टेशनवर गाडीला वेळ होता. तिघंही बाकावर बसलो होतो, वहिनीच्या पिशवीतून चिपळ्यांचा आवाज मधूनच येत होता. समितीपुढे चिपळ्या कशाला, असं मी विचारलं नाही. आप्पाने घसा खाकरून मला विचारलं, "काय विचारतील गं आधी?"

"नाव विचारतील, आप्पा."

"ते सांगेन मी," तो म्हणाला.

तेवढ्यात जिन्यावरून नम्रता येताना दिसली. मागे रावजी, त्याच्या हातात पिशवी. तिने नवमीचंच लुगडं नेसलं होतं, काठाला गुलाल अजून होता. आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अगं, तुला कुठे बोलावलंय?" वहिनी म्हणाली. "तुझं नाव नाही नोटिशीत."

"म्हणून तर येतंय," नम्रता म्हणाली, आणि आप्पाच्या शेजारी बाकावर बसली.